कोबीला हिवाळा आठवतो तो कसा?

कोबीचे गड्डे नाशिककडे हवे तेवढे निघतात, पण त्याच कोबीचं बी धरायचं तर हिमाचलातल्या कुलू खोऱ्यासारखी जागा गाठावी लागते. कित्येक आठवडे थंडी काढल्याशिवाय कोबीला फुलाचा दांडा येतच नाही. आणि हा दांडा ऐन थंडीत नाही, थंडी सरल्यावर येतो. म्हणजे ‘हिवाळा होऊन गेला’ ही नोंद रोपाने तोवर कुठेतरी जपलेली असते. बरं, रोपाला मेंदू नाही आणि थंडी सोसलेल्या पेशी एव्हाना कितीदा तरी विभागून गेलेल्या.

या नोंदीचा माग लागला तो मोहरीच्याच कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या किरकोळ तणात. इंग्लंडमधल्या नॉरिचच्या जॉन इनस सेंटरमध्ये कॅरोलाइन डीन यांचा गट वर्षानुवर्षं त्याच्या एफएलसी या एकाच जनुकामागे लागला आहे. एफएलसी चालू असेपर्यंत फुलोरा अडून राहतो. थंडीत ते बंद पडतं आणि पुढे ऊब आली तरी बंदच राहतं. डीएनएचं एकही अक्षर मात्र बदलत नाही.

बदलतं ते डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं. आठ हिस्टोनांचा एक गठ्ठा, त्याभोवती डीएनएची सुमारे १४७ अक्षरं. यातल्या एच-३ या हिस्टोनच्या शेपटीत २७व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असतं. पीआरसी-२ नावाचा प्रथिनसमूह त्याला तीन मिथाइल गट, म्हणजे कार्बन-हायड्रोजनचे चिमुकले तुकडे, चिकटवतो. ही ‘बंद’ची खूण. थंडीत ती जनुकाच्या सुरुवातीच्या दोन-चार गठ्ठ्यांवर उमटते, ऊब आली की पूर्ण जनुकावर पसरते.

पेशी विभागताना डीएनएच्या दोन प्रती होतात आणि जुने हिस्टोन दोघींत साधारण निम्मेनिम्मे वाटले जातात. उरलेल्या जागी कोरे हिस्टोन बसतात. म्हणजे खूण दर पिढीला अर्धी होऊन पुसली जायला हवी. ती जात नाही, कारण पीआरसी-२ स्वतःचीच जुनी खूण ओळखतो, तिला चिकटतो आणि शेजारच्या कोऱ्या हिस्टोनवर तशीच खूण करतो. मला तर या सगळ्या विषयात यापेक्षा देखणं काही दिसत नाही.

थंडी जास्त झाली तर एफएलसी जास्त मंदावतं का? सबंध रोपात मोजलं तर तसंच वाटतं. पण २०११ साली मुळाच्या टोकाच्या पेशी एकेक करून पाहिल्या, तेव्हा हा पंख्याचा रेग्युलेटर नसून दिव्याचं बटण निघालं. प्रत्येक पेशीत जनुक एक तर चालू, नाही तर बंद. थंडी वाढते तशी बंद पेशींची संख्या वाढते. पुढे २०१५ साली एकाच पेशीतल्या एफएलसीच्या दोन प्रतींना दोन वेगवेगळ्या रंगांत चमकणारी प्रथिनं जोडली. काही पेशींत एक प्रत बंद आणि दुसरी चालू! आठवण पेशीभर तरंगणाऱ्या एखाद्या रेणूत असती, तर दोन्ही प्रती सारख्याच वागल्या असत्या. ती त्या-त्या प्रतीलाच चिकटलेली असते.

बी तयार होताना भ्रूणात ही खूण पुसली जाते आणि पुढच्या पिढीला आपला हिवाळा स्वतःच काढावा लागतो. सोव्हिएत रशियात लायसेंको हा शेतीतज्ज्ञ थंडीचा हा संस्कार वंशपरंपरेने उतरतो असं रेटून सांगत राहिला आणि सत्तेच्या जोरावर त्याने तिथलं अनुवंशशास्त्र मोडीत काढलं. ‘पणजीच्या दुःखाच्या खुणा तुमच्या डीएनएत आहेत, शिबिराला या, पुसून घ्या’ हे निरोप फिरवणाऱ्यांच्या हाती सत्ता नाही, एवढंच बरं. सस्तन प्राण्यांतही अशा बहुतेक खुणा भ्रूणावस्थेत पुसल्या जातात.

पीआरसी-२ मात्र आपल्याही पेशींत आहे. काही कर्करोगांत त्याचा तोल ढळतो आणि नको ती जनुकं बंद पडून राहतात. त्याला आवर घालणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत २०२० साली एका दुर्मीळ सार्कोमासाठी (स्नायू, चरबी अशा मऊ ऊतींतला कर्करोग) मान्यता मिळाली.