नाशिकला पाणी 98 अंशांवर उकळतं

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचे भाव पडले की आमच्या सोसायटीत क्रेट यायला लागतात. गेल्या डिसेंबरात शेजारच्या वहिनींनीही दोन क्रेट घेतले. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून गाजर, फरसबी, मटार आणि लसूण आणला, सगळ्याचं दाट सूप केलं, गरम असतानाच काचेच्या बरण्यांत भरलं आणि त्या बरण्या मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून दोन तास उकळल्या. निवताना एकेक झाकण ‘टक्’ करत आत ओढलं गेलं. एक बरणी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. “घ्या, पावसाळ्यापर्यंत टिकेल. दोन तास उकळलंय, आता कसला जंतू राहतोय?”

मी बरीच वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं आहे. तरी त्यांना ‘ही बरणी उघडू नका’ म्हणताना माझा जीव कसानुसा झाला. दिवसभराचे कष्ट होते ते.

जो जंतू राहतो त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. तो मातीत असतो, म्हणून गाजर, बटाटा, कांदा, लसूण या जमिनीतल्या भाज्यांबरोबर सहज घरात येतो. एरवी त्याचं काही चालत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनमध्ये तो वाढतच नाही. दिवस वाईट आले की तो स्वतःभोवती टणक कवच करून बीजाणू बनतो आणि वाट बघत बसतो. उकळत्या पाण्याने जंतू मरतो, बीजाणू मरत नाही. उकळल्यामुळे बाकीचे स्पर्धक मात्र साफ होतात, बरणीतली हवा निघून जाते आणि झाकण घट्ट बसतं. ओलावा आहे, अन्न आहे, ऑक्सिजन नाही, खोलीत ऊब आहे! त्याला हवं ते सगळं आपणच जमवून देतो. झाकणाचा तो ‘टक्’ आवाज हवा बाहेरच राहिली एवढंच सांगतो. आत कोण राहिलं, हे त्याला ठाऊक नसतं.

बीजाणू मारायला लागतं 121 अंश सेल्सियस, तेही बरणीच्या अगदी मध्यभागी, सुमारे तीन मिनिटं. तापमान दहा अंशांनी उतरलं की लागणारा वेळ दहापट वाढतो. म्हणजे 111 अंशांना अर्धा तास, 101 अंशांना पाच तास. आता नाशिकचं बघा. आपण समुद्रसपाटीपासून जवळजवळ 600 मीटर उंचावर आहोत, इथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 98 अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस कितीही मोठा केला तरी उघड्या पातेल्यातलं पाणी त्याच्या वर जात नाही. त्या तापमानाला हिशेब दहा तासांवर जातो! वहिनींचे दोन तास कुठेच पुरत नव्हते.

या जंतूचं विष मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप अडवतं. साधारण 12 ते 36 तासांत एकाचे दोन दिसू लागतात, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, घास गिळता येत नाही; पुढे श्वासाचे स्नायूही थकतात. ताप सहसा नसतो, त्यामुळे घरच्यांना उशिरा कळतं. अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठायचं आणि काय खाल्लं ते डॉक्टरांना सांगायचं. 1895 साली बेल्जियममधल्या एलझेल गावात एका अंत्यविधीला आलेले वादक खारवलेला हॅम, म्हणजे डुकराचं मांस, खाऊन असेच आजारी पडले, तिघे दगावले. त्याच हॅममधून एमिल व्हॅन एरमेंगेम यांनी हा जंतू वेगळा केला. अन्नाला दर वेळी वास येतो, झाकण फुगतं, असंही नाही. चाखून बघणं तर मुळीच नको.

मग घरातला कुकर? त्यात 120 अंशांच्या आसपास तापमान मिळतं खरं. पण शिट्टी झाली की दाब उतरतो, पुन्हा चढतो. छोटं भांडं लवकर तापतं आणि लवकर निवतं. बाटलीबंद भाज्यांच्या तपासलेल्या वेळा मोठ्या प्रेशर कॅनरसाठी, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायच्या खास भांड्यासाठी, आहेत. त्यात आधी दहा मिनिटं वाफ सोडून आतली हवा घालवतात, मग दाब स्थिर धरतात. सूपच्या लिटरभर बरणीला 75 मिनिटं लागतात, तेही पातळ सूपला. पीठ, तांदूळ, साय घातलेल्या दाट सूपमध्ये उष्णता मध्यापर्यंत फार हळू पोचते, म्हणून ते घालायचंच नाही. शिट्ट्या मोजून हे काम होत नाही.

आपल्या आज्यांनी हा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. सांडगे, कुरडया, वाळवलेली मेथी यांत ओलावाच नाही. कैरीच्या लोणच्यात भरपूर मीठ आणि आंबटपणा. अन्नाचा सामू, म्हणजेच पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आंबट), 4.6 च्या खाली असला की हा बीजाणू उगवत नाही, आणि मग साधं उकळणं पुरतं. टोमॅटो नेमका या सीमेवर उभा आहे: काही जाती 4.3, काही 4.9 पर्यंत. म्हणून फक्त टोमॅटोचा गर भरतानाही लिटरभर बरणीत अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड घालायचं आणि नाशिकच्या उंचीवर बरणी उकळत्या पाण्यात 50 मिनिटं ठेवायची. त्यात लसूण, कांदा, ढोबळी मिरची घातली की आंबटपणा उतरतो आणि हा हिशेब मोडतो. तेलात बुडवून बाहेर ठेवलेला सोललेला लसूणही याच कारणाने धोक्याचा. तेल हवा अडवतं, आंबटपणा देत नाही.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, थोड्या गप्प झाल्या, मग बरण्या न उघडता दुहेरी पिशवीत बांधून टाकल्या. पुढच्या बुधवारी त्यांनी मटार सोलून उकळत्या पाण्यातून दीड मिनिट काढले, गार पाण्यात टाकले, निथळून डीप फ्रीजरमध्ये ठेवले. तिथं उणे 18 अंशांना बीजाणू मरत नाही, पण उगवतही नाही. टोमॅटोचा गर मात्र त्यांनी बरण्यांतच भरला. घालायच्या आधी सायट्रिक ॲसिडचा चमचा सपाट करून मला दाखवायला आल्या होत्या.