चेक-इन बॅगेज आणि एअर कार्गो: विमान एक, व्यवहार दोन

स्पर्धांचा हंगाम जवळ आला की क्लबांच्या ग्रुपवर तोच सल्ला पुन्हा फिरायला लागतो: "चेक-इनला ओव्हरसाइजचे पैसे कशाला भरताय? कार्गोने टाका, त्याच विमानाने तर जातं." सांगणारा मनापासून सांगतो, ऐकणाराही विश्वास ठेवतो, आणि मग कुणीतरी खेळाडू परदेशात स्पर्धेच्या आदल्या दिवशी उसनं धनुष्य शोधत फिरतो. वर्षभर घाम गाळलेल्या पोरांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

चेक-इन बॅगेज तुम्हाला माहीत आहे. एका नगाला बहुतेक ठिकाणी ३२ किलोंची मर्यादा. लांबी, रुंदी, उंचीची बेरीज साधारण १५८ सेंटिमीटरच्या पुढे गेली की नग ओव्हरसाइज. सायकलची पेटी त्यात कधीच बसत नाही, त्यामुळे ती तिकीट काढतानाच नोंदवा आणि कंपनीचं लेखी उत्तर मोबाइलमध्ये ठेवा. मुंबई विमानतळावर, सहारच्या टी-टूला (टर्मिनल २) काउंटरवर पोचल्यावर "मॅडम, थोडं अ‍ॅडजस्ट करा ना" सुरू करणाऱ्या प्रशिक्षकांचा मला मनापासून राग येतो. ज्यांना दोन दिवसांनी खेळायचं असतं, ती मुलं मागे रांगेत उभी राहून हे सगळं बघत असतात.

आता मुद्द्याची गोष्ट. बॅगेज तुमच्या तिकिटाला बांधलेलं असतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणात बॅग चढली आणि तुम्ही चढला नाहीत, तर तुमची बॅग शोधून खाली उतरवतात. पलीकडे उतरल्यावर ती पट्ट्यावर येते, तुम्ही उचलता आणि कस्टम्सच्या वाटेने बाहेर पडता. सामान विमानातून उतरणं आणि ते तुमच्या हातात पडणं यात फार तर तासाभराचं अंतर असतं. हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की कार्गोचंही तसंच असेल, असं आपण धरून चालतो.

कार्गोचं तसं नसतं. कार्गोत तुम्ही प्रवासी नसता, माल पाठवणारे असता. मालाचा करार एअरवे बिलावर होतो. त्यावर अकरा आकडी नंबर असतो, पहिले तीन आकडे विमान कंपनीचे. एअर इंडियाचे ०९८. त्यावर माल पाठवणाऱ्याचं नाव असतं आणि माल घेणाऱ्याचं, म्हणजे कन्साइनीचं. तुम्ही त्याच विमानात वर खिडकीशी बसला आहात की घरी झोपला आहात, याच्याशी त्या कागदाला देणंघेणं नसतं. विमानाच्या पोटात आधी प्रवाशांचं सामान आणि टपाल जातं, उरलेल्या जागेत कार्गो. जागा कमी पडली, वजन जास्त झालं, की कार्गो ऑफलोड होऊन पुढच्या उड्डाणाला जातो. त्यात कुणी तुमचं वाईट केलेलं नसतं, ती रोजची पद्धत आहे. बुकिंगमध्ये फ्लाइट नंबर लिहिलेला असला तरी तो अंदाज समजा.

आणि समजा, गेला त्याच विमानाने. तरी खरी अडचण पलीकडेच सुरू होते. ट्रॅकिंगवर 'अराइव्ह्ड' दिसलं की ग्रुपवर फुलांचे इमोजी पडतात. पण तेव्हा माल फक्त कार्गो टर्मिनलच्या शेडमध्ये पोचलेला असतो. फॉरवर्डरने, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटने, तो दहा जणांच्या मालाबरोबर एकत्र बांधून पाठवला असेल, तर सगळ्यांचं मिळून असलेलं मास्टर एअरवे बिल पोचलेलं असतं आणि तुमचं हाऊस एअरवे बिल त्यातून सुटं व्हायचं असतं. मग डिलिव्हरी ऑर्डर, म्हणजे माल ताब्यात द्यायचा कागद. मग त्या देशाच्या कस्टम्सपुढे आयातीचा कागद, कारण त्यांच्या लेखी तो कुणा प्रवाशाचा नग नसून आयात झालेला माल आहे. माल तात्पुरता आला आहे की विकायला, किंमत काय, परत जाणार कधी, हे सगळं कन्साइनीने सांगायचं. कन्साइनी म्हणून तुम्ही खेळाडूचं नाव आणि हॉटेलचा पत्ता टाकला असेल, तर हे सांगणार कोण? खेळाडू सरावाला गेलेला असतो, त्याच्याकडे तिथला आयातदार म्हणून कुठलाही नंबर नसतो, आणि शनिवार-रविवार मध्ये आला तर शेडमध्ये डेमरेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं, चढायला लागतं.

म्हणून कार्गोने पाठवायचंच असेल तर माझा आग्रह दोन गोष्टींचा. कन्साइनी आयोजकांनी नेमलेला क्लिअरिंग एजंटच हवा; त्याचं नाव-पत्ता आयोजकांकडून लेखी घ्या आणि एअरवे बिलावर अक्षरन् अक्षर तसंच घाला. आणि माल स्पर्धेच्या निदान आठवडाभर आधी पोचेल असा पाठवा. इथे सहारच्या कार्गो संकुलातही शिपिंग बिल (कस्टम्सला द्यायचा निर्यातीचा कागद), एक्स-रे, वजन, कस्टम्सची निर्यातीची मंजुरी हे सगळं उड्डाणाच्या कट-ऑफच्या आत व्हावं लागतं. संध्याकाळच्या विमानासाठी दुपारी टेम्पो घेऊन अंधेरीच्या ट्रॅफिकमध्ये निघणाऱ्याला कुणीही वाचवू शकत नाही, कितीही 'आतली ओळख' असली तरी.

परतीचं तर कुणी बोलतच नाही. कार्गोने गेलेलं सामान परत येतं तेव्हा भारताच्या दृष्टीनेही ती आयात असते. हेच सामान इथून गेलं होतं हे दाखवता आलं नाही तर ड्यूटी मागतात. शिपिंग बिलात 'स्पोर्ट्स गुड्स, १ बॉक्स' एवढंच लिहिलं असेल तर दाखवणार काय? सायकलच्या फ्रेमचा नंबर, धनुष्याच्या रायझरचा (मधल्या मुठीच्या भागाचा) सीरियल नंबर, रायफलचा नंबर, सगळं लिहून घ्या. चेक-इनने नेतानाही महागडी वस्तू असेल तर निघताना विमानतळावरच्या कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. बॅग काउंटरवर द्यायच्या आधी वस्तू उघडून दाखवावी लागते. त्यासाठी अर्धा तास जास्तीचा ठेवा.

पैशांबद्दल थोडक्यात, कारण 'कार्गो स्वस्त' हा समज इथेच कोसळतो. कार्गोत काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन, यातलं जे जास्त त्यावर भाडं लागतं. सायकलची पेटी १४० बाय ८० बाय ३० सेंटिमीटर असेल तर गुणाकार करून ६००० ने भागा: ५६ किलो. पेटीचं खरं वजन २० किलो असलं तरी बिल ५६ चं. कुरिअरवाले बहुधा ५००० ने भागतात, म्हणजे ६७ च्या पुढे. वर टर्मिनलचं शुल्क, एजंटची फी, दोन्हीकडचं क्लिअरिंग. ओव्हरसाइजचे पैसे मग जड वाटत नाहीत.

नुकसानभरपाईतही असाच फरक. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराखाली बॅगेजची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे. कार्गोला किलोमागे २६ एसडीआर. म्हणजे त्या २० किलोंच्या सायकलला ५२०. दोन्हीकडे जास्त किंमत आधी जाहीर करून जादा शुल्क भरता येतं, पण तसं करताना मी फारच थोड्यांना पाहिलंय. लोक 'फ्रॅजाइल'चं स्टिकर लावून निश्चिंत होतात. काउंटरवर तुमच्यापुढे सहीसाठी टॅग धरला तर तो वाचा. 'लिमिटेड रिलीज' असेल, तर पॅकिंग पुरेसं नसल्यामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी तुम्ही स्वतःवर घेताय. स्टिकरपेक्षा आतला फोम महत्त्वाचा.

पेटीबद्दल एकच. कार्गोसाठी गल्लीतल्या सुताराकडून देवदाराच्या फळ्यांचा क्रेट करून घेतात आणि तो पलीकडे अडकतो. साध्या लाकडाच्या पॅकिंगला ५६ अंशांवर ३० मिनिटं उष्णता देऊन आयएसपीएम-१५ चा (लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा) शिक्का मारलेला असावा लागतो. प्लायवुडला ही अट नाही. प्लायवुडच घ्या.

नेमबाजांनी वेगळी काळजी घ्यायची. एअर रायफलचा सिलिंडर चेक-इन असो की कार्गो, रिकामा करूनच न्या. काडतुसं चेक-इनमध्ये आधी परवानगी घेऊन, स्वतःच्या वापरापुरती, दर प्रवाशाला ५ किलोंपर्यंत नेता येतात, पण चौघांची मिळून एका पेटीत भरता येत नाहीत. तीच काडतुसं कार्गोत घातली की धोकादायक माल ठरतात, वेगळं डिक्लरेशन लागतं. संघ व्यवस्थापकाने 'सगळ्यांचं एकत्र' करण्याचा मोह इथे टाळावा.

थोडक्यात माझा कौल: सायकल, धनुष्य, रायफल, तलवारी, बॅट, जे काही नगाच्या वजनाच्या मर्यादेत मावतं ते खेळाडूबरोबर चेक-इनने. कार्गो फक्त त्याला, ज्याचे तुकडेच होत नाहीत: पोल व्हॉल्टचे साडेचार-पाच मीटरचे पोल, मल्लखांबाचा सागवानी खांब. पोलची तर आणखी एक गोष्ट आधी तपासा. छोट्या विमानाच्या पोटात ते मावत नाहीत, त्यामुळे मुंबईहून पुढे जोडउड्डाण कुठल्या विमानाचं आहे हे फॉरवर्डरला विचारा, आणि त्याच वेळी आयोजकांनाही विचारा की तुमच्या वजनाला साजेसे पोल ते तिथे देऊ शकतात का.