ड्रिफ्टिंगचे टायर : स्वस्त आणि योग्य टायरची निवड

ड्रिफ्टिंग म्हणजे मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवून, गाडी आडवी घसरवत आणि तरीही ताब्यात ठेवून वळणांमधून नेणे. या खेळात सर्वांत लवकर संपणारी वस्तू म्हणजे टायर. पेट्रोल, क्लच, ब्रेक पॅड यांचा खर्च असतोच. पण हौशी चालकाच्या खिशाला खरी कात्री लावते ती मागची जोडी. कमी ताकदीच्या गाडीत ती सरावाचा एखादा दिवस निघते, तर स्पर्धेतल्या हजारभर अश्वशक्तीच्या गाडीत काही फेऱ्यांतच तिचा निकाल लागतो. व्यावसायिक चालकांना बहुधा टायर कंपन्यांचे पाठबळ असते. स्वस्त टायरची विवंचना आहे ती बाकीच्यांना.

हा प्रकार जपानचा. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी वेगात वळणात शिरून गाडी घसरवत बाहेर काढण्याची शैली शर्यतीच्या सर्किटवर गाजवली. केइइची त्सुचिया यांनी ती घाटरस्त्यांवर घोटली आणि लोकप्रिय केली. २००० मध्ये जपानमध्ये ‘डी १ ग्रां प्री’ ही स्पर्धामालिका सुरू झाली, अमेरिकेत ‘फॉर्म्युला ड्रिफ्ट’चा पहिला हंगाम २००४ मध्ये झाला. टोयोटाची एई ८६, निसानची सिल्व्हिया, माझदाची एमएक्स-५, बीएमडब्ल्यूची जुनी ३ सिरीज या हौशी लोकांच्या आवडत्या गाड्या. सगळ्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या, आणि एके काळी सगळ्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या.

पुढचे टायर आणि मागचे टायर

दोन्ही जोड्यांची कामे वेगळी असतात, म्हणून खरेदीही वेगळी. गाडी आडवी असताना पुढची चाके वळणाच्या उलट दिशेला वळवलेली असतात आणि गाडी कुठे जाणार हे तीच ठरवतात. त्यांना भरपूर पकड लागते. इंजिनाचा जोर त्यांच्यावर येत नसल्याने ती जागच्या जागी गरागरा फिरत नाहीत, त्यामुळे झिजतातही सावकाश. मागच्या कितीतरी जोड्या संपल्या तरी पुढची जोडी चालूच असते. पैसे घालायचे तर पुढे. नवखे बरेचदा नेमके उलटे करतात : रुंद, मऊ, महागडे टायर मागे आणि जुने घासलेले पुढे. मग हँडब्रेक ओढला की गाडीचे नाक वळतच नाही, सरळ बाहेर जाते.

मागच्या जोडीचे गणित इंजिनाच्या ताकदीवर बसवावे लागते. १९८३ ते १९८७ या काळात तयार झालेल्या एई ८६ चे १.६ लिटरचे इंजिन जेमतेम १३० अश्वशक्तीचे. त्या गाडीला मागे रुंद आणि चिकट टायर घातले तर चाक सुटतच नाही. सुटलेच तर वळणाच्या मध्यावर पुन्हा पकड घेते आणि गाडी झटक्यात सरळ होते. अशा गाडीला अरुंद, कडक, साधा टायर घालणे ही पैशापायी केलेली तडजोड नसते. तांत्रिकदृष्ट्याही तोच बरोबर असतो. याउलट टर्बो बसवून चारशे अश्वशक्तीपर्यंत नेलेल्या सिल्व्हियाला तोच टायर नुसता धूर देतो, गाडी पुढे ढकलत नाही. दोन गाड्या जोडीने धावतात तेव्हा अशी गाडी मागेच पडते. तिथे मऊ टायरला पर्याय नाही.

स्वस्ताई मोजायची ती जोडीच्या किमतीवर नव्हे, फेरीमागे किती पडले यावर. समजा एक जोडी ६,००० रुपयांची असून १० फेऱ्या टिकली आणि दुसरी ९,००० रुपयांची असून १८ फेऱ्या टिकली. तर फेरीमागे पहिली ६०० रुपयांना पडली आणि दुसरी ५०० ला. यात टायर रिमवर चढवण्या-उतरवण्याची मजुरी धरली की अल्पायुषी टायर आणखी महाग ठरतो, कारण ती दर जोडीला नव्याने द्यावी लागते.

साइडवॉल वाचणे

टायरच्या कडेवर, म्हणजे साइडवॉलवर, बहुतेक माहिती छापलेली असते. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ यात २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ हे रुंदीच्या तुलनेत कडेच्या उंचीचे शेकडा प्रमाण, आर म्हणजे रेडियल, १६ हा रिमचा इंचांतला व्यास, ९१ हा भारांक (एका टायरला ६१५ किलो) आणि व्ही ही वेगमर्यादा, ताशी २४० किमी. अमेरिकी पद्धतीने तयार केलेल्या टायरवर चार अंकी उत्पादन तारीखही असते : ३५२१ म्हणजे २०२१ सालचा ३५ वा आठवडा.

ड्रिफ्ट करणारे सर्वांत आधी ज्या आकड्याकडे पाहतात तो ‘ट्रेडवेअर’. अमेरिकी नियमांनुसार टायर टेक्सासमधल्या सुमारे ४०० मैलांच्या ठरावीक मार्गावर एकूण ७,२०० मैल चालवून त्याची झीज प्रमाण टायरशी ताडतात. प्रमाण टायरचा अंक १००. २०० अंकाचा टायर त्याच्या दुप्पट टिकावा अशी अपेक्षा. ढोबळमानाने २०० किंवा त्याखालचे टायर मऊ आणि चिकट, पुढे घालायला चांगले. ३०० ते ५०० चे कडक, कमी ताकदीच्या गाडीला मागे पुरेसे. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवून छापते, आणि चाचणी होते ती सरळमार्गी गाडीवर, धूर काढणाऱ्या चाकावर नव्हे. एकाच कंपनीचे दोन टायर ताडायला तो बरा. दोन कंपन्यांमधला निवाडा त्यावर सोडू नये.

त्याच्या शेजारी छापलेल्या तापमानश्रेणीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. ए, बी आणि सी अशा या श्रेणी. ए श्रेणीचा टायर ताशी ११५ मैलांहून (सुमारे १८५ किमी) अधिक वेगात निर्माण होणारी उष्णता सोसतो. सी ही कायद्याने चालणारी किमान पायरी. गाडी ताशी ६० किमीने घसरत असली तरी मागचे चाक १२० ने किंवा त्याहूनही जोरात फिरत असू शकते. स्पीडोमीटरचा काटा बऱ्याच गाड्यांत तेच दाखवतो आणि शेजारी बसलेला पाहुणा उगाच घाबरतो. तेव्हा ट्रेडवेअर ४०० असो वा ५००, तापमानश्रेणी ए आणि वेगमर्यादा किमान एच (ताशी २१० किमी) असलेला टायर घ्यावा. स्वस्त टायर झिजून संपला तर हरकत नाही, फाटून संपता कामा नये.

नक्षीचेही महत्त्व आहे. सुटे, खोल ठोकळे असलेली नक्षी तापली की ठोकळे हलतात आणि त्यांचे तुकडे उडतात. मडगार्डच्या आतून गोटे आपटल्यासारखा आवाज येऊ लागतो. हिवाळी आणि चिखलाचे टायर याच कारणाने निरुपयोगी. मध्यभागी अखंड पट्टे असलेली साधी, उथळ नक्षी जास्त सारखी झिजते. दिशादर्शक बाण नसलेला टायर असेल तर आणखी एक फायदा : सर्किटवर एकाच बाजूची वळणे जास्त असली की बाहेरचा टायर आधी जातो, तेव्हा डावे-उजवे टायर बदलून जोडी पुरवून वापरता येते.

कोणत्या कंपन्या

या बाजारावर आशियाई कंपन्यांचे राज्य आहे. तैवानच्या फेडरल, नानकांग आणि केंडा, इंडोनेशियाच्या अकिलीस आणि अ‍ॅक्सेलेरा, चीनच्या लिंगलाँग, वेस्टलेक आणि ट्रायँगल ही नावे युरोप-अमेरिकेतल्या हौशी मैदानांवर नेहमी दिसतात. फेडरलचा ५९५ आरएस-आर आणि अ‍ॅक्सेलेराचा ६५१ स्पोर्ट यांच्यासारखे मऊ टायर कमी पैशांत पुढच्या जोडीसाठी वापरले गेले. अकिलीस तयार करणारी मल्टिस्ट्राडा कंपनी २०१९ मध्ये मिशेलिनने विकत घेतली. नावावर जाऊन खरेदी करणे मात्र चुकीचे. एकाच छापाखाली सर्किटचा चिकट टायरही येतो आणि टॅक्सीचा कडकही.

माप निवडताना चलती असलेले माप पाहावे. २२५/४५ आर १७ सारख्या मापात डझनावारी कंपन्या असल्याने भाव पडलेले असतात, जगावेगळ्या मापाला दुकानदार म्हणेल ती किंमत. ब्रेकचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबून धरणारा चिमटा) अडत नसेल तर मागे इंचभर लहान रिम बसवणे हा जुना उपाय. २०५/५० आर १६ चा बाहेरचा व्यास सुमारे ६११ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६ मिमी. व्यास जवळपास सहा टक्क्यांनी घटला की गिअर तितकेच आखूड झाल्यासारखे होतात आणि लहान इंजिन चाक सहज सोडवते. टायरही स्वस्त मिळतो. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची फॅशन आहे, पण हवा कमी असेल तर असा टायर भर वळणात रिमवरून उतरतो.

हवा

कमी ताकदीच्या गाडीत मागे ४० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचे एकक) वर हवा भरतात. जमिनीला टेकणारा भाग कमी होतो, चाक लवकर सुटते. मात्र मधला पट्टाच झिजून तारा दिसू लागतात आणि कडेचे चांगले रबर वाया जाते. फेरीनंतर टायर तापून हवेचा दाब वाढतो, म्हणून गेज गरम टायरलाही लावायचा असतो. साइडवॉलवर कमाल दाब छापलेला असतो, बहुधा ४४ किंवा ५१ पीएसआय. तो ओलांडू नये. मोठ्या ताकदीच्या स्पर्धक गाड्या उलट २० पीएसआयच्याही खाली येतात, पण त्यांचे टायर आणि रिम त्या हिशेबाने निवडलेले असतात.

जुने आणि रिमोल्ड टायर

वापरलेले टायर हा सर्वांत स्वस्त मार्ग. जुने रबर कडक होते, पकड कमी देते आणि मागच्या चाकाला तेच हवे असते. घेताना टायर आतून-बाहेरून हाताने चाचपावा : कडेला फुगवटा, बारीक भेगांचे जाळे, साइडवॉलजवळचे पंक्चर यांपैकी काहीही आढळले तर तो तिथेच ठेवावा. नक्षी गुळगुळीत झालेली चालते. आतल्या पोलादी पट्ट्याची तार उघडी पडली की टायर संपला. ‘अजून एक फेरी काढू’ म्हणणाऱ्याचा टायर फुटतो तेव्हा सुटलेला पट्टा मडगार्ड, ब्रेकची नळी, कधी बंपरही सोबत नेतो.

रिमोल्ड टायर महाराष्ट्रातल्या मालमोटारधंद्याच्या रोजच्या व्यवहारातले. जुन्या सांगाड्यावर नवे रबर चढवून ट्रक हजारो किलोमीटर धावतात, आणि त्या कामाला ते ठीकच आहेत. ड्रिफ्टमध्ये मात्र कडेने येणारा जोर आणि उष्णता दोन्ही त्या सांध्यावरच येतात. युरोपात काही जण कारचे रिमोल्ड वापरतात. कमी ताकदीच्या गाडीत आणि ओल्या मैदानावर ते निभतात, कोरड्या डांबरावर तो जुगार आहे. ओले मैदान तसेही काटकसरीचे : पाण्यामुळे चाक कमी जोरात सुटते, टायर तापत नाही, आणि शिकाऊ चालकाची एकच जोडी बराच काळ पुरते.

भारतातील स्थिती

भारतात वर सांगितलेले आशियाई टायर सहज मिळत नाहीत. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, त्यामुळे परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. शिवाय भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. ट्रेडवेअरचा अमेरिकी अंक छापण्याची इथे सक्ती नाही, तेव्हा तो टायरवर सापडेलच असे नाही. व्यवहारात मागे देशी बनावटीचा साधा टायर आणि पुढे त्याच दुकानात मिळणारा जरा वरच्या दर्जाचा टायर, असेच जमवावे लागते. इथल्या बहुतांश छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्याने हौस मुळात जुन्या बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीजवर येऊन थांबते, आणि त्यांचे १६-१७ इंची टायर छोट्या गाडीच्या टायरइतके स्वस्त नसतात. सार्वजनिक रस्त्यावर हे करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ (धोकादायक वाहन चालवणे) खाली गुन्हा ठरते; पैज किंवा शर्यत लावली तर कलम १८९ ही लागू होते.