डेल्फ्ट चित्रसंप्रदाय

सतराव्या शतकाच्या मध्यास, ढोबळमानाने १६५० ते १६७५ या काळात, हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात बहरलेली चित्रपरंपरा. घरातली खोली, मागचे अंगण, गल्ली, चर्चचा अंतर्भाग असे रोजच्या पाहण्यातले विषय, खिडकीतून आत येणारा दिवसाचा उजेड आणि काटेकोर यथादर्शन (सपाट चित्रात दूर-जवळ दाखवण्याची रीत) ही तिची ओळख. ‘संप्रदाय’ हे नाव मात्र सैलपणेच घ्यावे लागते. नंतरच्या कलेतिहासकारांनी ते दिले. त्या चित्रकारांना आपण एका संप्रदायाचे आहोत असे वाटत असल्याचा पुरावा नाही. यातले बरेच जण बाहेरून आले, काही वर्षे राहिले आणि मोठ्या बाजारपेठेच्या ओढीने ॲम्स्टरडॅमला निघून गेले. शेजारच्या हेग, रॉटरडॅम, लायडन या शहरांतही जवळपास असेच विषय रंगवले जात होते.

डेल्फ्ट तेव्हा सुमारे २५ हजार वस्तीचे, जुन्या श्रीमंतीचे शहर होते. बिअर गाळण्याचा पूर्वापार धंदा उतरणीला लागला होता आणि बंद पडलेल्या भट्ट्यांच्या जागी निळ्या-पांढऱ्या चिनीमातीच्या धर्तीवरील भांड्यांचे कारखाने उभे राहत होते. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या सहा शाखांपैकी एक इथे होती. (याच कंपनीची वखार कोकणात वेंगुर्ल्यालाही होती.) खाऊनपिऊन सुखी असलेला हा शहरी वर्ग चित्रे विकत घेई, आणि चित्रे काढणाऱ्यांवर सेंट ल्यूक या कारागीर संघाचे नियंत्रण असे. संघात प्रवेशाची फी भरावी लागे. याच परंपरेतला चित्रकार व्हर्मीर याने १६५३ मध्ये सहा गिल्डरपैकी (गिल्डर हे डच नाणे) दीडच भरले. उरलेले फेडायला त्याला अडीच वर्षे लागली.

सुरुवात घरांपासून नव्हे, चर्चपासून झाली. डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याचा १५८४ मध्ये डेल्फ्टमध्येच खून झाला आणि त्याची भव्य समाधी तिथल्या नव्या चर्चमध्ये आहे. हेरार्ड हौकखेस्ट तोवर काल्पनिक वास्तू रंगवीत असे. १६५० मध्ये त्याने ही समाधी समोरून न दाखवता खांबांआडून, तिरक्या कोनातून दाखवली. चर्चमध्ये सहज फिरणाऱ्या माणसाला दिसावी तशी. एमान्युएल द व्हिट आणि हेन्ड्रिक फान व्लीट यांनी हीच वाट पुढे नेली. अवकाश असा नजरेच्या बाजूने मांडण्याची ही सवय घरातल्या चित्रांत उतरली असे मानायला जागा आहे.

रेम्ब्रांटचा शिष्य कारेल फाब्रिट्सियस १६५० च्या सुमारास डेल्फ्टला आला. गुरूने अंधारातून आकृती उजळवल्या; शिष्याने उलट केले, उजळ भिंतीसमोर गडद आकृती ठेवली. साखळीने बांधलेल्या पक्ष्याचे त्याचे छोटे चित्र १६५४ चे. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला शहरातल्या दारूकोठारात सुमारे ९० हजार पौंड बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. वस्तीचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला, शंभरावर माणसे गेली, त्यांत ३२ वर्षांचा फाब्रिट्सियसही. त्याची डझनभरच चित्रे आज उरली आहेत. एग्बर्ट फान डर पुल हा चित्रकार पुढे तो विध्वंस पुनःपुन्हा रंगवीत राहिला.

पीटर द होख हा रॉटरडॅमच्या गवंड्याचा मुलगा. त्याच्या चित्रांत विटा, फरशा, चौकटी इतक्या आस्थेने येतात की वडिलांचा धंदा आठवल्यावाचून राहत नाही. डेल्फ्टमधली त्याची पाच-सहा वर्षेच खरी कसाची. ‘डेल्फ्टमधील घराचे अंगण’ (१६५८) या चित्रात उजवीकडे मोलकरीण आणि लहान मुलगी, डावीकडे कमानीखालच्या बोळात पाठमोरी बाई, तिच्यापलीकडे उघडे दार आणि रस्ता. एका दारातून दुसरे दार दाखवण्याची त्याची ही हातोटी. दुसऱ्या एका चित्रात आई मांडीवर टेकलेल्या लेकराच्या डोक्यातल्या उवा काढते आहे. ॲम्स्टरडॅमला गेल्यावर त्याने संगमरवरी दिवाणखाने रंगवले. ती चित्रे झगझगीत आहेत, पण पहिली ऊब त्यांत नाही.

योहानेस व्हर्मीर (१६३२–१६७५) जन्मला, राहिला आणि वारला तो डेल्फ्टमध्येच. त्याची जेमतेम ३५–३७ चित्रे ज्ञात आहेत. ‘दूध ओतणारी मोलकरीण’, ‘छोटी गल्ली’, ‘डेल्फ्टचे दृश्य’ ही या परंपरेची शिखरे. ‘छोटी गल्ली’ नेमकी कुठली, यावर बराच काथ्याकूट झाला. २०१५ मध्ये कालव्यांच्या उपशासाठी आकारलेल्या कराच्या १६६७ सालच्या वहीवरून असे मांडले गेले, की ते घर व्हर्मीरच्या वजडी विकणाऱ्या आत्याचे होते. सर्वांनाच ते पटलेले नाही.

ही चित्रे जशी दिसतात तशी, म्हणजे समोरचे जगणे जसेच्या तसे टिपलेली, नाहीत. त्यांचे खरे कसब इथेच आहे. द होखच्या अंगणातल्या कमानीवरची मठाची कोरीव पाटी खरी होती. पण त्याच कमानीचे त्याने आणखी एक चित्र केले आणि त्यात भोवतालचे घर बदलून टाकले. व्हर्मीरच्या मोलकरणीमागे आधी मडकी टांगायची फळी आणि निखाऱ्यांची टोपली होती. त्याने ती रंगाखाली बुजवली आणि भिंत मोकळी ठेवली, हे २०२२ मधील तपासणीत दिसले. दोघांच्याही काही चित्रांत लोपबिंदूवर (दूर जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात त्या बिंदूवर) टाचणीचे छिद्र सापडते. तिथे खडू लावलेला दोरा बांधून, सुतार सूत मारतो तशा, फरशीच्या रेषा आखल्या जात. व्हर्मीर कॅमेरा ऑब्स्क्युरा (भिंगातून समोरच्या दृश्याची प्रतिमा पाडणारी अंधारी पेटी) वापरत होता का, हा वाद त्यामुळे काहीसा बाजूला पडतो. निळ्यासाठी तो अफगाणिस्तानातून येणारा महागडा लाजवर्द (निळा दगड) सढळपणे वापरी, अगदी मोलकरणीच्या कपड्यांसाठीही.

१६७२ मध्ये फ्रान्सने आक्रमण केले आणि चित्रांचा बाजार कोसळला. तीन वर्षांनी व्हर्मीर कर्जात वारला. मागे पत्नी आणि ११ मुले. पावाच्या थकबाकीपोटी दोन चित्रे बेकरीवाल्याकडे गेली. दिवाळखोर मालमत्तेचा विश्वस्त म्हणून सूक्ष्मदर्शकासाठी प्रसिद्ध झालेला लेव्हेनहूक नेमला गेला. तोही डेल्फ्टचाच, व्हर्मीरच्याच वर्षी, १६३२ मध्ये जन्मलेला. डेल्फ्टमधल्या चित्रकलेचा बहर इथेच संपला.

१६९६ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या लिलावात व्हर्मीरची २१ चित्रे विकली गेली. ‘डेल्फ्टचे दृश्य’ २०० गिल्डरला, ‘मोलकरीण’ १७५ ला, म्हणजे कलाकार पुरता विस्मृतीत गेला नव्हता. तरी युरोपभर नाव झाले ते फ्रेंच समीक्षक तेओफील तोरे याच्या १८६६ मधील लेखांनंतर. २००१ मध्ये न्यूयॉर्क आणि लंडन येथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाने व्हर्मीरला पुन्हा त्याच्या गावकऱ्यांच्या शेजारी मांडले. ही चित्रे आता ॲम्स्टरडॅम, हेग, लंडन, न्यूयॉर्क अशा शहरांतील संग्रहालयांत आहेत. डेल्फ्टमध्ये व्हर्मीरचे एकही मूळ चित्र नाही.