टीव्ही एचडी, चित्र साधेच : एचडी प्रसाराची पार्श्वभूमी

सोलापूरच्या नवी पेठेतून 43 इंची टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो आणि संध्याकाळी मालिका लावली की चेहरे रुंद आणि पुसट दिसतात. दोष बहुधा टीव्हीचा नसतो. सेटटॉप बॉक्सपासून आलेली वायर लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची असते. चित्र येते ते एकट्या पिवळ्या पिनेतून, आणि तिच्यातून चित्राच्या 576 आडव्या ओळींपलीकडे काही येऊच शकत नाही. पॅनेल एचडी (हाय डेफिनिशन), म्हणजे 1080 ओळींचे असेल, तर उरलेल्या ओळी टीव्ही अंदाजाने भरतो. टीव्ही आधी आणि चित्र मागाहून, हे कसे झाले ते पाहायला साठ वर्षे मागे जावे लागते.

1964च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने पुढच्या टीव्हीवर संशोधन सुरू केले. पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावर बसले तरी ओळी सुट्या दिसू नयेत, हे त्यांचे माप. जुन्या टीव्हीला हेच अंतर सहापट लागे. त्यातून 1125 ओळींची पद्धत उभी राहिली. सोलापूरकराला हे चादरीवरून चटकन कळेल : मोर मोजक्या धाग्यांत विणला तर पिसाऱ्याच्या कडा पायऱ्यांसारख्या दिसतात, धागे वाढवले की गोलाई येते.

अडचण होती ती हा पसारा वाहून नेण्याची. ओळी दुप्पट झाल्या, रुंदी वाढली, आणि सिग्नल एका चॅनेलच्या जागेत मावेना. जपानने ‘म्यूज’ नावाच्या पद्धतीने तो दाबून उपग्रहावरून पाठवला आणि नोव्हेंबर 1991 पासून रोज आठ तासांचे प्रसारण सुरू केले. पण सेट महाग आणि अवजड होते. युरोपने 1250 ओळींची स्वतःची पद्धत 1992च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये दाखवली आणि पुढच्याच वर्षी गुंडाळली.

कोंडी फुटली अमेरिकेत. 1990 मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीने पूर्ण डिजिटल एचडीचा प्रस्ताव मांडला, 1993 मध्ये स्पर्धक कंपन्या एकत्र आल्या आणि डिसेंबर 1996 मध्ये मानक मंजूर झाले. स्टुडिओतले एचडी चित्र सेकंदाला सुमारे 1.5 गिगाबिट इतके असते, ते 19.39 मेगाबिटमध्ये बसवले गेले. युक्ती अशी की प्रत्येक चित्र अख्खे पाठवायचे नाही. आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले तेवढेच पाठवायचे. त्यामुळे बिघाडाची तऱ्हाही बदलली. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी सामना दिसत राहायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र लख्ख असते, त्याखाली गेले की चौकोन पडतात आणि पडदा थिजतो.

प्रसाराला खरा वेग मात्र स्वच्छ चित्राच्या हौसेने आला नाही, असे आमचे मत आहे. तो सपाट पडद्याने आणि सरकारी तारखांनी आला. एलसीडी स्वस्त झाले तसे काचेच्या नळीचे टीव्ही दुकानांतून हटले, 2003च्या एच.264 या चित्र दाबण्याच्या पद्धतीने तेच चित्र जवळपास निम्म्या बिटांत बसू लागले. मग ॲनालॉग बंद झाले : अमेरिकेत मोठी केंद्रे 12 जून 2009 रोजी, जपानमध्ये 24 जुलै 2011 रोजी (भूकंपग्रस्त तीन प्रांत मार्च 2012 मध्ये), ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2012 पर्यंत.

भारतात रंग 1982च्या आशियाई स्पर्धांसोबत आला, तसे दूरदर्शनचे एचडी 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांसोबत. डीटीएचचे एचडी बॉक्सही त्याच सुमाराचे. केबलच्या डिजिटायझेशनमध्ये दुसऱ्या टप्प्याच्या 38 शहरांत सोलापूर होते आणि मुदत होती 31 मार्च 2013. कायद्याने सक्ती केली ती डिजिटलची, एचडीची नव्हे. केबलच्या 8 मेगाहर्ट्‌झच्या एका पट्ट्यात सेकंदाला साधारण 38 मेगाबिट जातात. त्यात साधी चॅनेल दहाच्या आसपास बसतात, एचडी चार-पाचच. साहजिकच घरोघरी साधे बॉक्स लागले. प्रमुख मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या 2016 मध्ये आल्या. तोवर मराठी मालिका पाहणाऱ्या घराने जादा पैसे भरावेत तरी कशासाठी?

आज चित्र पुसट वाटले तर आधी बॉक्स एचडी आहे का आणि पॅकमध्ये एचडी चॅनेल आहे का ते पाहा. पिवळी पिन काढून एचडीएमआय वायर लावा. बॉक्सच्या सेटिंगमध्ये आउटपुट 1080 आय आणि आकार 16:9 करा; 4:3 राहिले तर चित्र ताणले जाते. मग अंतर मोजा. 43 इंची पडद्याची उंची सुमारे 53 सेंटीमीटर, तिची तिप्पट 1.6 मीटर. 32 इंचीची उंची 40 सेंटीमीटर, 2.4 मीटरवर बसलात तर साध्या चित्राच्या ओळीही डोळ्याला सुट्या दिसत नाहीत, मग एचडीचा फरक फार जाणवत नाही.

चौकोन पडत असतील तर बॉक्स बदलण्याआधी केबलच्या टोकाचा कनेक्टर उघडा. बाहेरच्या जाळीचा केसाएवढा तंतू मधल्या तांब्याच्या तारेला टेकला तरी सिग्नल पडतो. तंतू मागे दुमडा, मधली तार कनेक्टरबाहेर दोन-तीन मिलीमीटर ठेवा. डीटीएचची छत्री असेल तर मुसळधार पावसात चित्र जाणे नैसर्गिक आहे, सर ओसरली की ते परत येते. नुसते ढग आले तरी जात असेल, तर छत्री वाऱ्याने जराशी फिरली आहे. ती बॉक्सच्या मेनूतला सिग्नलचा पट्टा पाहत किंचित हलवून घट्ट करावी लागते.