भडक लाल म्हणजे केमिकलच का?

मेक्सिकोच्या हातमागावरची जॅकेटं, बॅगा, पोंचो यांचे फोटो फिरतात तेव्हा सोबत एक वाक्य हमखास असतं: "खरा नैसर्गिक रंग फिकाच असतो, भडक दिसला की केमिकल समजा." पटण्यासारखं आहे, पण खरं नाही.

ओआहाका राज्यातल्या तेओतित्लान देल वाये गावात लोकरीला जो गडद लाल देतात तो कोचिनीलचा, म्हणजे निवडुंगावर वाढणाऱ्या बारीक किड्याचा, मादी वाळवून कुटतात आणि १ पौंड वाळलेल्या कोचिनीलला साधारण ७०,००० किडे लागतात! स्पॅनिश लोक आल्यावर १६व्या शतकापासून हाच लाल जहाजं भरभरून युरोपात गेला, एवढा तो झळाळता.

आता तपासायचं कसं? कोचिनीलची पूड पाण्यात कालवून लिंबू पिळा, रंग केशरीकडे झुकतो, खायचा सोडा टाकला की जांभळट होतो, आपल्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसंच. तयार कपड्यावर मात्र हे करू नका प्लीज, डाग पडेल. तिथे विणणाऱ्यालाच विचारा, लाल कशाचा, निळा कशाचा. बरेच विणकर कृत्रिम रंगही वापरतात, त्यामुळे नुसत्या भडकपणावरून दोन्हीकडचा निकाल लागत नाही.