तापीची भरती आणि खानदेशातलं अवकाळी हवामान

खानदेशात (म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे, मालेगाव-बागलाण १८६९ मध्ये नाशिककडे गेले, तरी हवामानाच्या हिशेबात ते याच पट्ट्यातले) फाल्गुन ते वैशाख या दिवसांत नदीचं पाणी मधेच चढतं आणि उतरतं, आणि याच दिवसांत आभाळाचा पण भरवसा नसतो. सकाळी लख्ख ऊन, चारच्या सुमारास वावधन (वादळी वारा), संध्याकाळी गारा, दुसऱ्या दिवशी परत ४० अंश. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध जोडला जातो, आणि तापी समुद्राला मिळते म्हणून समुद्राची भरती तापीतून वर चढत खानदेशापर्यंत येत असेल का, असा प्रश्न पण विचारला जातो. उत्तर सरळ आहे, येत नाही. पण ती कुठे थांबते, आणि मग खानदेशात उन्हाळ्यात पाणी चढतं ते कशामुळे, हे नीट बघण्यासारखं आहे.

भरतीची हद्द

तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईजवळ सुमारे ७५० मीटर उंचीवर उगम पावते आणि ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या खाली डुमसजवळ खंभातच्या आखाताला मिळते. हे आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं आणि उथळ पण आहे, म्हणून देशातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या इथेच येतात, भावनगरच्या बाजूला तर भरती-ओहोटीतला फरक १० मीटरच्या आसपास जातो. तापीच्या मुखाशी तो त्याहून कमी असतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या संदर्भग्रंथांत तापीचा शेवटचा ३२ मैलांचा, म्हणजे साधारण ५१ किलोमीटरचा भाग भरतीचा धरलेला आहे आणि तिथेही फक्त लहान गलबतं चालतात असं म्हटलंय. नंतरच्या बऱ्याच लिखाणात हाच आकडा तसाच उचललेला दिसतो. तो आज जसाच्या तसा धरू नये, कारण १९९० च्या दशकात सुरतेत सिंगणपोरला बंधारा झाला आणि खारं पाणी आता त्याच्या खालीच अडतं. म्हणजे ५१ किलोमीटर ही जुनी नैसर्गिक हद्द आणि आजची हद्द त्याच्या बरीच खाली, समुद्राच्या बाजूला, असं म्हणणं जास्त बरोबर.

दोन्हींपैकी कुठलीही हद्द घेतली तरी खानदेश लांबच राहतो. सुरतेहून रस्त्याने तापीवरचं उकाई धरण ९० किलोमीटरच्या पुढे आहे आणि खानदेश त्याच्याही वर. उंचीचा हिशेब तर अजूनच स्पष्ट आहे. उकाईच्या जलाशयाची पूर्ण पातळी ३४५ फूट म्हणजे १०५ मीटर, भुसावळ २०० मीटरच्या वर. काही मीटरची भरती शंभर मीटर चढून येणार कशी?

इतिहासातून पण हेच दिसतं. मुघलांच्या काळात सुरत हे बंदर आणि बुऱ्हाणपूर ही खानदेश सुभ्याची राजधानी, दोन्ही एकाच तापीच्या काठावर, तरी माल नदीने जात नव्हता. तो बैलांवर लादून नवापूर-नंदुरबारवरून जमिनीच्या वाटेने जायचा. १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील (राजदूत) थॉमस रो सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला तो पण नंदुरबारवरून. नदीत भरतीचं पाणी वरपर्यंत येत असतं तर ही वाट कोणी धरली नसती. मुखाजवळचं सुवाली बंदर, जिथे १६१२ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांची लढाई झाली, ते सुद्धा पुढे गाळाने बसलं.

नर्मदेचं पण असंच. ती नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांतून जाते आणि तिची भरती खाली भरूचच्या बाजूला असते. डोंगरातल्या गावांजवळ पाणी वर-खाली होतं ते सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे (धरणाने अडून मागे चढलेल्या पाण्यामुळे).

मग उन्हाळ्यात पाणी चढतं ते काय

मार्च-एप्रिलमध्ये तापीच्या उपनद्या बहुतेक कोरड्या असतात. गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, वाघूर यांच्या पात्रात डबकी राहतात, आणि खुद्द तापीत पाणी दिसतं ते हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथल्या धरण-बॅरेजमुळे अडलेलं. या दिवसांत पाणी चढायचं पहिलं आणि मुख्य कारण म्हणजे आवर्तन, म्हणजे धरणातून ठरवून सोडलेलं पाणी. गिरणा धरणातून पिण्याच्या पाण्यासाठी आवर्तन सुटलं की चाळीसगाव, भडगाव, पाचोरा करत पाणी कोरड्या वाळूतून पुढे सरकतं, आणि वाळूच इतकं पिते की खालच्या गावाला ते यायला कित्येक दिवस लागतात. पाणी येतं तेव्हा आधी वाळू काळी पडते, मग तिच्यात बारीक बुडबुडे येतात, मग बोटभर धार आणि तासाभरात घोटाभर पाणी. आवर्तन बंद झालं की उलट्या क्रमाने ओहोटी. पात्रात ज्यांच्या टरबूज-डांगराच्या वाड्या असतात त्यांना हे तारीख-वार माहीत असावं लागतं, नाहीतर वेल सगळे पाण्यात.

दुसरं कारण धरणांचा फुगवटा. मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम आहे, तो हतनूरच्या फुगवट्यात येतो. धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडे, किती बंद, यावर तिथली पातळी ठरते. प्रकाश्याला गोमाई-तापी संगमाच्या घाटाच्या पायऱ्या कधी उघड्या तर कधी पाण्याखाली असतात, त्याचं कारण बॅरेजचे दरवाजे आणि पावसाळ्यात वरून येणारा पूर. उकाईचा जलाशय भरला की त्याचं पाणी नंदुरबार जिल्ह्याच्या हद्दीत शिरतं.

तिसरं कारण अवकाळी पाऊस. सातपुड्यात तासाभराचा जोरदार वळीव झाला तर सुकी, मोर, अनेर अशा उताराच्या नद्यांना अचानक लोंढा येतो आणि दोन-चार तासांत ओसरतो. खानदेशातले मोठे पूर मात्र पावसाळ्यातले. १८२२ च्या पुरात ६५ गावं पूर्ण वाहून गेल्याची नोंद आहे, आणि सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरेने धुळ्यातली ५०० च्या वर घरं नेली, त्या वेळी गिरणा-पांझरा खोऱ्यात १५२ गावांना फटका बसला. समुद्राची भरती आणि पूर यांची गाठ पडते ती सुरतेत, १९६८ आणि २००६ च्या पुरांत तिथे जे झालं त्यात हा भाग होता.

हवेतली भरती

खानदेशात रोज दोनदा येणारी एक भरती खरोखर आहे, पण ती पाण्यात नसून हवेत आहे. बॅरोमीटर ठेवला तर जळगाव असो की साक्री, हवेचा दाब सकाळी १० आणि रात्री १० च्या सुमाराला सगळ्यात जास्त आणि पहाटे ४ आणि दुपारी ४ च्या सुमाराला सगळ्यात कमी दिसतो. दिवसभरात फरक साधारण २ ते ४ हेक्टोपास्कलचा (हे हवेचा दाब मोजायचं एकक). उष्ण कटिबंधात हे इतकं नेमाने होतं की वादळ नसेल त्या दिवशी दाबाच्या आलेखात दोन टेकड्या स्पष्ट दिसतात.

याच्या कारणाबद्दल मात्र बराच वाद झाला. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राने येते, मग हवेची पण चंद्रानेच यायला हवी, पण वेळा तर सूर्याच्या घड्याळाने चालतात, हे कोडं होतं. १८८२ मध्ये लॉर्ड केल्व्हिन यांनी अनुनादाची कल्पना मांडली, म्हणजे वातावरणाचा स्वतःचा एक ठोका सुमारे बारा तासांचा आहे आणि म्हणून बारा तासांचा चढउतार मोठा होऊन दिसतो. ही कल्पना पुढे बरीच दशकं टिकली. वरच्या वातावरणाचं तापमान प्रत्यक्ष मोजता आल्यावर ती बसेना, आणि १९६० च्या दशकापासून ओझोन आणि बाष्प सूर्याची उष्णता शोषतात त्यातून ही भरती तयार होते हे स्पष्टीकरण मान्य झालं. आज हेच धरावं. चंद्राचा वाटा हवेत आहे, पण तो एका हेक्टोपास्कलच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी, तो सापडायला वर्षानुवर्षांच्या नोंदी लागतात. त्यामुळे अमावस्या-पौर्णिमेला वादळ होतं असं जे मानतात त्याला दाबाच्या नोंदींतून आधार मिळत नाही.

याचा जमिनीखालच्या पाण्याशी पण संबंध आहे. यावल-रावेर पट्ट्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाळाचा थर फार खोल आहे आणि ट्यूबवेल पण तशाच खोल. चिकणमातीच्या थराखाली दाबून राहिलेल्या पाण्यात बोअर असेल तर वरच्या हवेचा दाब कमी झाला की बोअरमधलं पाणी थोडं वर येतं आणि दाब वाढला की खाली जातं. एक हेक्टोपास्कल म्हणजे जास्तीत जास्त एक सेंटीमीटर पाणी, म्हणजे प्रकार बोटभराचा, पण मोजता येतो. वादळ येण्याआधी पाणी वर आलं असं कोणी सांगितलं तर ते अशक्य नाही, पण नुसत्या डोळ्याला ते दिसणं कठीण.

अवकाळीची घडण

तापीचं खोरं पूर्व-पश्चिम आहे, उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळा, आणि पश्चिमेला सुरतेकडे तोंड. हे खोरं खचून झालं की नदीने कोरून काढलं यावर मतभेद होते, पण सातपुड्याच्या पायथ्याशी साठलेला जाड गाळ आणि अडावदजवळच्या उनपदेवसारखे गरम पाण्याचे झरे बघता भ्रंशरेषांचा (जमीन खचते त्या खोल भेगांचा) हात मोठा आहे, हे मत जास्त पटतं. हवामानाच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग म्हणजे पश्चिमेचं ते उघडं तोंड. समुद्राचं पाणी खानदेशात येत नाही, पण समुद्राची ओली हवा दुपारनंतर याच दारातून आत शिरू शकते.

मार्चपासून जमीन तापते. वर पश्चिमेकडून येणारे झंझावात उत्तर भारतावरून जाताना कधी कधी खाली २० अंश अक्षांशापर्यंत पोचतात आणि उंचावर थंड कोरडी हवा आणतात. खाली अरबी समुद्राची नाहीतर बंगालच्या उपसागराची ओली हवा, वर थंड, मधे तापलेलं रान, एवढं जुळलं की तास-दोन तासांत ढग १० किलोमीटरच्या वर जातात. बाष्प मुख्यतः कोणत्या समुद्राचं यावर अभ्यासकांत फरक आहे. मोठ्या गारपिटीच्या वेळी दोन्हीकडून येतं असं बहुतेकांचं म्हणणं. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये महाराष्ट्रभर झालेली गारपीट याच प्रकारची होती आणि खानदेश तिच्यात चांगलाच सापडला. मार्च २०२३ मध्ये पण नंदुरबार-धुळ्याकडे गारा पडल्या. वर्षाच्या एकूण पावसात या पावसाचा वाटा अगदी थोडा असतो, नुकसान मात्र एका तासात होतं.

जुन्या काळातली यासंबंधीची सगळ्यात प्रसिद्ध नोंद संतचरित्रातली आहे. मुक्ताबाई तापीकाठी वीज कडाडून गुप्त झाल्या असं नामदेवांच्या नावे असलेल्या अभंगांत येतं. साल शके १२१९, म्हणजे १२९७, महिना वैशाख वद्य. तिथी दशमी की द्वादशी, आणि जागा मेहूण की कोथळी, यावर एकमत नाही, परंपरा दोन्ही गावं जपते. वैशाख वद्य हा पूर्वमान्सून गडगडाटाचाच काळ, त्यामुळे हवामानाच्या अंगाने वर्णन बसतं. त्यापुढे जाऊन याला हवामानाचा पुरावा म्हणू नये, ती श्रद्धेची गोष्ट आहे.

पिकं आणि आखाजी

केळीचं नुकसान गारांपेक्षा वाऱ्याने जास्त होतं. झाडाचं खोड म्हणजे पानांच्या देठांच्या गुंडाळ्या, आत लाकूड नाही, आणि वर २०-२५ किलोचा घड. जोराचा झोत आला की खोड मधे मुडपतं आणि ओळच्या ओळ एकाच दिशेला आडवी होते, निसवलेला (घड बाहेर पडलेला) बाग असेल तर वर्षभराची मेहनत गेली. म्हणून बांधाला शेवरी किंवा गजराज गवत लावतात आणि घडाच्या झाडाला टेकू देतात किंवा पट्टीने बांधतात. नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर (वाळवणाच्या मैदानावर) लाल मिरची उघड्यावर वाळत असते, तिथे ढग दिसले की ताडपत्रीची धावपळ, भिजलेली मिरची पांढरी पडते आणि भाव जातो. दादर (रब्बी ज्वारी), गहू, हरभरा काढणीला आलेले असतात, सातपुड्यात मोहफुलं पडत असतात.

आखाजीला (अक्षय तृतीया) सालदाराचं (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं) वर्ष सुरू होतं, म्हणून पुढच्या पावसाचा अंदाज पण याच दिवशी बांधायची चाल. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळची घटमांडणी (घट आणि धान्य मांडून पाऊस-पिकांचं भाकीत करायची प्रथा) याच दिवशी होते आणि भाकीत दुसऱ्या दिवशी पहाटे सांगतात, जळगाव जिल्ह्यातून पण शेतकरी ऐकायला जातात.

सरकारी अंदाजात खानदेश 'मध्य महाराष्ट्र' या उपविभागात येतो, त्यामुळे टीव्हीवर ते नाव ऐकून इथला माणूस दुर्लक्ष करतो, जिल्ह्याचा अलर्ट वेगळा बघावा लागतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप आहे. केळीसाठी हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत थंडी, उष्णता, वेगाचा वारा आणि गारपीट धरलेली आहे. वारा मोजला जातो महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर, आणि वावधनाची पट्टी कधी कधी जेमतेम किलोमीटरभर रुंद असते, त्यामुळे शेजारच्या गावात बाग आडवी होऊन पण केंद्रावर वेग कमीच दिसतो. गारपिटीसाठी नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, त्याला फोटो काढून ठेवलेले बरे.